पेटींतील कागद : निक्षेप कीं उपनिधि ?

दिवाळीपूर्वींची झाडलोट सुरू झाली, म्हणजे आपल्या घरांतील माळ्यावरच्या पेट्या वर्षांतून एकदां खालीं येतात. पितळेचीं भांडीं चिंचेनें घांसलीं जातात, गाद्यांना ऊन दिलें जातें, आणि कागदांची पाळी आली म्हणजे घरांतील कर्ती मंडळी घड्याळाकडे पाहूं लागतात. पेटींत पणजोबांनीं कॉलेजांतून घरीं लिहिलेलीं पत्रें असतात. पुठ्ठ्यावर चिकटविलेला एखादा समूहफोटो असतो. स्नेहसंमेलनाचा छापील कार्यक्रम, खाणावळीच्या खर्चाची वही, वर्तमानपत्रांतील कात्रणें लावलेली एखादी चिकटवही असते. "हें काय आहे ?" "जुनें कांहीं तरी." "ठेवायचें कीं द्यायचें ?" एवढ्या संभाषणांत शंभर वर्षांचा निकाल लागतो. पेटी एक तर पुन्हा माळ्यावर जाते, नाहीं तर रद्दीवाल्याच्या तराजूंत जाते. या दोन मार्गांत आपणांस वाटतो तितका भेद नाहीं, हें वाचकांच्या नजरेस आणून द्यावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तराजूंत गेलेला कागद एका दिवसांत नाहींसा होतो. माळ्यावर गेलेल्यास वीस वर्षें लागतात.

दुसऱ्याची ठेव कशी सांभाळावी याचा विचार आपल्या धर्मशास्त्रांत फार बारकाईनें केलेला आहे. मनूनें जीं अठरा व्यवहारपदें सांगितलीं, त्यांत निक्षेप हें एक आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत उपनिधीचें स्वतंत्र प्रकरण असून त्यावर विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका आहे. विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांतील. तें कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण, आमच्या बिलोलीपासून कांहीं फार दूर नाहीं. ठेवीच्या या दोन प्रकारांतील भेद मोठा मार्मिक आहे. मोजून, दाखवून, विश्वासानें हातीं दिलेली ठेव तो निक्षेप. आणि न मोजतां, आंत काय आहे हें न सांगतां, मोहोर करून दिलेली ठेव तो उपनिधि. आपल्या घरोघरच्या पेट्यांकडे या दृष्टीनें पाहावें. पूर्वजांनीं त्या आपल्या स्वाधीन केल्या खऱ्या, परंतु मोजून दिल्या नाहींत. आपणही मोजून घेतल्या नाहींत. त्या उपनिधि आहेत. त्यांचा निक्षेप करणें, म्हणजे त्या उघडून, ओळखून, नोंद करून पुढच्या पिढीच्या हातीं देणें, हें काम आज हयात असलेल्या मंडळींनाच करितां येण्यासारखें आहे. उद्यांच्या मंडळींना इच्छा असली तरी तें करितां येणार नाहीं.

यांत आमच्या भागाची गोष्ट थोडी निराळी आहे, ती पुण्यामुंबईच्या वाचकांस सांगितली पाहिजे. पुण्यास डेक्कन कॉलेज होतें, १८८५ पासून फर्ग्युसन कॉलेज होतें. मुंबईस एल्फिन्स्टन व विल्सन होतीं. नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें तें १९५० मध्यें. त्यापूर्वीं निजामच्या राज्यांतील मराठवाड्यास औरंगाबादच्या १९२३ सालच्या इंटरमीजिएट कॉलेजाखेरीज फारसा आधार नव्हता. हैदराबादेस निजाम कॉलेज १८८७ पासून होतें. परंतु तें मद्रास विद्यापीठास जोडलेलें, आणि शिक्षण इंग्रजींतून. १९१८ मध्यें स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत शिक्षणाचें माध्यम उर्दू. त्यासाठीं ग्रंथांचीं उर्दू भाषांतरें करणारें एक खातेंच चालविलेलें होतें. म्हणजे बिलोलीच्या मुलास मॅट्रिकच्या पुढें शिकावयाचें तर घर सोडणें आलेंच. धर्माबादचें स्टेशन गांठावें. तेथून एका बाजूस हैदराबाद, दुसऱ्या बाजूस मनमाड आणि तेथें गाडी बदलून पुणें. घरीं मराठी, बाजारांत तेलुगु, कचेरींत उर्दू, कॉलेजांत इंग्रजी किंवा पुन्हा उर्दू, आणि तीर्थरूपांस पत्र मात्र मोडींत, अशा स्थितींत ती पिढी शिकली.

याचा परिणाम असा, कीं आमच्या मुलखांतील त्या काळच्या विद्यार्थ्यांचा इतिहास आमच्या मुलखांतील कोणत्याही संस्थेच्या दप्तरांत नाहीं. कारण तेव्हां येथें संस्थाच नव्हती. परगांवच्या कॉलेजांच्या पटांवर त्यांचीं नांवें असतील. परंतु तो मुलगा तेथें कसा पोंचला, पैसे कोणीं पाठविले, पहिल्या पावसाळ्यांत तो किती वेळां आजारी पडला, घरची आठवण येऊन त्यानें काय लिहिलें, हें केवळ पेट्यांतच आहे. निलंग्यास १९१० मध्यें जन्मलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनीं 'जीवनसेतु' हें आत्मचरित्र लिहून ठेविलें, म्हणून त्या पिढीचा निदान एक विद्यार्थी आपल्या ओळखीचा झाला. बाकीच्यांनीं ग्रंथ लिहिले नाहींत. त्यांनीं पत्रें लिहिलीं. १९३८ मध्यें वंदेमातरम् गाण्यावरून उस्मानिया विद्यापीठांतून शेंकडों विद्यार्थ्यांस काढून टाकण्यांत आलें, आणि त्यांतील पुष्कळांस नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला, हें इतिहासांत नमूद आहे. परंतु त्या आठवड्यांत त्या मुलांनीं घरीं काय कळविलें, आणि वडिलांनीं उलट टपालीं काय उत्तर धाडिलें, हें कोणत्या इतिहासांत पाहावयाचें ?

संस्था स्मरण ठेवितात तें प्रसिद्ध पुरुषांचें, आणि तें योग्यच आहे. फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहांतील विनायक दामोदर सावरकरांची खोली स्मारक म्हणून जपलेली आहे. पण त्याच ओळींत आणखीही खोल्या होत्या, आणि त्यांतही मुलें कंदिलाशेजारीं बसून वाचीत होतीं. त्यांचें स्मारक करावें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्यांचीं नांवें त्यांच्याच घरीं ठाऊक नसावींत, ही मात्र खेदाची गोष्ट होय.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या तालुक्यांतील एका घरचा तरुण एक फोटो घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आला. मोडी वाचतां येते म्हणून लोक असे कागद आणितात. वास्तविक लेखकाचें शिक्षण मॅट्रिकचें आणि पुढें संस्कृताचें. कॉलेजची पायरी विद्यार्थी या नात्यानें चढण्याचा योग कधीं आला नाहीं. फोटोंत अकरा तरुण होते. सहा उभे, पांच खुर्च्यांवर बसलेले. पागोटीं, बंद गळ्याचे कोट, उपरणीं, आणि एकाच्या हातांत क्रिकेटची बॅट. पुठ्ठ्यावरील स्टुडिओचें नांव कसरीनें खाऊन टाकिलें होतें. पाठीमागें पेन्सिलीनें मोडींत एवढेंच लिहिलें होतें : "उजवीकडून तिसरा मी." नांव नाहीं, साल नाहीं. उजवीकडून म्हणजे पाहणाराच्या कीं बसणाराच्या ? वरच्या ओळींत कीं खालच्या ? आणि सर्वांत मोठा प्रश्न, हा 'मी' कोण ? घरच्या मंडळींनीं अर्थातच तो आपला पणजोबा धरिला होता, व वरच्या ओळींतील तिसऱ्या तरुणाचा चेहरा मोठा करून भिंतीवर लावण्याचें घाटत होतें.

त्या तरुणाची आत्याआजी त्या वेळीं नव्वदीच्या पुढें होती, पण नजर शाबूत होती. लेखकाच्या सूचनेवरून फोटो तिच्या हातीं दिला. तिनें तो उजेडाकडे धरिला आणि म्हणाली, "हे अण्णा नव्हेत रे बाबा. अण्णा हे इथं, बसलेले. उभा आहे तो त्यांचा मित्र. फोटो त्यानंच पाठवला होता, अण्णा सांगायचे." अशा रीतीनें भिंतीवर परक्याची पूजा होण्याचें टळलें. तिला तीन नांवें निश्चित सांगतां आलीं. चौथ्यासंबंधानें, तो फार लवकर गेला आणि अण्णा त्याचें नांव निघालें म्हणजे गप्प बसत, एवढेंच तिला आठवत होतें. नांव ओठांवर आलें नाहीं. पुढच्या वर्षीं ती वारली. तिचा वडील भाऊ तिच्या आधीं पुष्कळ वर्षें गेला होता, आणि त्याला कदाचित् सर्वच नांवें ठाऊक असतील. परंतु त्याच्यापुढें फोटो कोणी धरिलाच नव्हता. बॅट धरणाऱ्या तरुणासुद्धां सात जण त्या पुठ्ठ्यावर आतां कायमचे अनोळखी झाले आहेत. फोटोची प्रत उत्तम आहे. एकाही चेहऱ्यावर डाग नाहीं. कागद टिकला, माणसें गेलीं.

याच्या उलट एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. आनंदीबाई जोशी यांचा फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांतील १८८५ च्या ऑक्टोबरांतील फोटो आपण पाहिला असेल. लुगडें नेसलेल्या आनंदीबाई, त्यांच्याजवळ जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबूली, अशा तीन देशांच्या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशच्या पोशाखांत बसल्या आहेत. त्या फोटोखालीं तिघींचीं नांवें व गांवें लिहिलेलीं आहेत. तीं शुद्ध नाहींत. आनंदीबाई श्रीरामपुराहून, म्हणजे बंगालमधील सेरामपूरहून गेल्या, त्या गांवाच्या नांवाचें रूप विकृत झालें आहे, आणि साबात या नांवाचें आद्याक्षरही चुकलें आहे. परंतु अशुद्ध कां होईना, नांवें लिहिलीं गेलीं. म्हणून आज जपानांत, सीरियांत आणि महाराष्ट्रांत तिघींचे चाहते तो एकच फोटो आपला म्हणून ओळखतात. आनंदीबाई १८८६ च्या मार्चांत पदवीधर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यास वारल्या. त्यांनीं प्रवेशासाठीं १८८३ मध्यें लिहिलेलें पत्रही त्या कॉलेजाच्या दप्तरांत राहिलें. कोणा कारकुनानें तें फाईलींत लाविलें, कोणीं फोटोखालीं चार शब्द लिहिले. या दोन क्षुल्लक कृत्यांवर आपलें केवढें ज्ञान उभें आहे!

ठेव सांभाळणाऱ्यास याज्ञवल्क्यानें एक सवलत दिली आहे. राजानें, दैवानें किंवा चोरानें नेलेली ठेव भरून द्यावी लागत नाहीं. अशा राजदैविक आपत्ति आपल्या कागदांवर थोड्या आल्या नाहींत. १९०८ च्या सप्टेंबरांत मुसा नदीच्या पुरानें हैदराबादच्या वस्त्या वाहून गेल्या. १९१७ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशचें शिक्षण मध्येंच थांबवून परत आले, तेव्हां त्यांचें ग्रंथादि सामान घेऊन निघालेलें जहाज महायुद्धांत पाणबुडीच्या हल्ल्यानें बुडालें. एका विद्यार्थ्याच्या कित्येक वर्षांच्या अभ्यासाचा संचय समुद्राच्या तळाशीं गेला. १९४८ च्या आरंभीं गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रांत ब्राह्मणांचीं घरें जळालीं, आणि घरांबरोबर दप्तरेंही जळालीं. त्याच्या मागेपुढें आमच्या भागांत रझाकारांच्या भीतीनें कुटुंबेंच्या कुटुंबें सरहद्दीपलीकडे गेलीं. आणि त्या सप्टेंबरांतील पोलीस कारवाईनंतर कित्येक मुसलमान कुटुंबांवरही तोच प्रसंग आला. पळणारा माणूस मुलें घेतो, दागिना घेतो. पत्रांची पेटी कोण घेतो? १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीचीं घरें कोसळून हजारों माणसें गेलीं. तेथें कागदांची गोष्ट काढणेंही अप्रशस्त वाटावें.

या सर्वांस दोष देतां येत नाहीं. परंतु तुमच्याआमच्या माळ्यावरील पेटी यांपैकीं कशानें नष्ट होते ? बहुधा कशानेंच नाहीं. ती वाळवीनें, गळक्या माळवदानें, आणि 'बघूं पुढें' या दोन शब्दांनीं नष्ट होते. घुणाक्षरन्याय म्हणून एक न्याय सांगतात : लांकूड कोरतां कोरतां किड्याकडून एखादें अक्षर सहज उमटतें. आमच्या घरीं या न्यायाचें उलटें रूप पाहावयास मिळतें. उमटलेलीं अक्षरें किडा एकेक करून मिटवितो, आणि आपण खालीं बसून दिवाळीचा फराळ करितों. ही उपेक्षा होय; आणि उपेक्षेनें गेलेली ठेव भरून द्यावी लागते, असें शास्त्र आहे. प्रस्तुत प्रकरणीं ती भरून देतां येणार नाहीं, हीच अडचण.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून, माळे धुंडाळून, बाडें पाठीवर वाहून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें मिळविलीं. त्यांचा पहिला खंड १८९८ मध्यें प्रसिद्ध झाला. तलवारीचा नि वकिलातीचा कागद मोलाचा असतो, हें त्यांच्यामुळें आपणांस कळलें. परंतु त्याच राजवाड्यांनीं आपल्या शाळाकॉलेजांतील अनुभवांवरही एक दीर्घ निबंध लिहिला, ही गोष्ट कमी लोकांच्या लक्षांत असते. ते डेक्कन कॉलेजांत शिकले. त्या कॉलेजासंबंधानें आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९३४ मध्यें सरकारनें तें बंद केलें. परंतु माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहींत. त्यांनीं न्यायालयांत दाद मागितली, आणि १९३९ मध्यें तें संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडावें लागलें. विद्यार्थ्यांच्या स्मरणानें एक कॉलेज वांचविलें. स्मरण म्हणजे म्हाताऱ्यांची करमणूक, असें ज्यांस वाटतें त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां उपनिधीचा निक्षेप करावा कसा, तें थोडक्यांत सांगतों. पहिलें काम नांवांचें. घरांतील सर्वांत वृद्ध व्यक्तीपुढें एकेक फोटो ठेवावा आणि चार प्रश्न विचारावे : हे कोण, कोठें, केव्हां, आणि हा फोटो आपल्या घरीं कसा आला ? चौथा प्रश्न विसरूं नये; वरील 'मी'चा उलगडा त्याच प्रश्नानें झाला. उत्तरें फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें, कडेला लिहावीं. बॉलपेन वापरूं नये. त्याचे वळ चेहऱ्यावर उमटतात आणि शाई कालांतरानें पाझरते. 'पणजोबा', 'काका' असें लिहूं नये. आपला काका तो आपल्या नातवाचा काका नव्हे. पुरें नांव, वडिलांचें नांव, गांव असें लिहावें. 'डावीकडून' लिहिल्यास 'पाहणाराच्या डावीकडून' असें स्पष्ट लिहावें. जेथें खात्री नाहीं तेथें 'बहुधा' हा शब्द लिहिण्यास लाजूं नये.

दुसरें काम तारखांचें, आणि आमच्या भागांत तें अवघड आहे. जुन्या पत्रांवर कधीं शक व तिथि असते, कधीं इसवी सन, आणि निजामच्या राज्यांतील पत्रांवर पुष्कळदां फसली सन. शकांत ७८ मिळवावे, व पौषमाघाच्या सुमारास, इंग्रजी वर्ष पालटल्यानंतर, ७९. हैदराबादचा फसली सन ऑक्टोबरच्या आरंभीं आजूर महिन्यानें सुरू होई आणि आबान महिन्यानें संपे. फसली सनांत ५९० मिळविले म्हणजे त्या सनाचा आरंभ ज्या इसवी वर्षीं झाला तें वर्ष निघतें. जानेवारीपासून पुढच्या महिन्यांस ५९१ मिळवावे. हा हिशेब पोकळ नाहीं. फसली १३२८ च्या आजूर महिन्याचें पत्र म्हणजे १९१८ च्या ऑक्टोबरांतील पत्र. आणि तो महिना इन्फ्ल्यूएन्झाच्या महामारीचा होय. त्या पत्रांत 'येथें ताप फार आहे' असें एक वाक्य असेल, तर त्याचा अर्थ तारीख कळल्यावांचून कळणार नाहीं. पाकीट फेंकूं नये. टपालाचा शिक्का हा कित्येकदां पत्रांतील तारखेहून भरंवशाचा साक्षीदार असतो. पत्राचा मायनाही वाचावा. 'तीर्थरूप' कोणास लिहिलें आहे, 'चिरंजीव' कोणास, 'साष्टांग नमस्कार' कीं 'आशीर्वाद', यावरून नातें ठरतें, आणि नात्यावरून लिहिणारा सांपडतो.

तिसरें काम लिपीचें. मोडी वाचणारे थोडे उरले आहेत, उर्दू हस्ताक्षर वाचणारे ब्राह्मणांच्या घरांत तर फारच थोडे. आमच्या आजोबांच्या पिढीस कचेरीची उर्दू अस्खलित येत असे. नातवंडांस ती चित्रलिपीप्रमाणें दिसते. शेजारच्या मोहल्ल्यांतील एखाद्या वृद्ध मौलवीसाहेबांकडे किंवा उर्दू शाळेंतील गुरुजींकडे असा कागद घेऊन जाण्यांत कोणताही कमीपणा नाहीं. ते आनंदानें वाचून दाखवितात, असा लेखकाचा अनुभव आहे. वाचल्याबरोबर बाळबोध अक्षरांत प्रत करून मूळ कागदाशेजारीं ठेवावी.

चौथें काम जपणुकीचें. टांचण्या काढाव्या, त्या गंजतात. रबरी पट्टे काढावे, ते वितळून कागदास चिकटतात. फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये. कागदावर प्लॅस्टिकचा लेप देववूं नये, तो पुन्हा सुटत नाहीं. पोथी जशी धुतलेल्या सुती कापडांत बांधीत, तसे कागद घडी उलगडून, सपाट करून बांधावे. पेटींत वेखंडाची पुरचुंडी ठेवावी, पण ती कागदास टेकूं देऊं नये. पेटी जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतीस लागून नको, आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर तर नकोच. वर्षांतून एकदां, पावसाळा सरल्यावर, सावलींत वारा द्यावा. कागदास ऊन देऊं नये.

चिकटवह्यांविषयीं विशेष सूचना अशी, कीं त्या सोडवूं नयेत. त्या काळीं कात्रणें खळीनें चिकटवीत, आणि खळ ही कसरीचें पक्वान्न होय. म्हणून अशी वही दर वर्षीं पाहावी. परंतु कोणतें कात्रण कोणत्या तिकिटाशेजारीं लाविलें, कोणाच्या स्वाक्षरीखालीं कोणती तारीख घातली, हा क्रमच त्या तरुणाचें मन आहे. पानें सुटीं केलीं म्हणजे कात्रणें उरतात, माणूस उरत नाहीं. पानापानाचा फोटो मोबाइल फोनवर घ्यावा, ही सोय आपल्या पिढीस मिळाली आहे. तिचा उपयोग अवश्य करावा. मात्र नांव-तारीख न देतां फोनमध्यें सांठविलेले पांचशें फोटो, हा माळ्यावरच्या पेटीचाच नवा अवतार होय.

येथवर सांगितलें तें सोपें आहे. अवघड तें यापुढें. पेटी उघडली म्हणजे त्यांतून केवळ अभिमानाच्याच गोष्टी निघतील असें नाहीं. आजोबा इंटरला दोनदां नापास झाले होते, हें निघेल. कर्ज निघेल, हुंड्याची घासाघीस निघेल. कोणी वार लावून जेवत होता, कोणी माधुकरी मागत होता, हें निघेल; आणि त्या गरिबीचा आपण आज अभिमान मानूं. परंतु त्याच पत्रांत खाणावळीच्या निराळ्या पंक्ती, कोणाच्या हातचें पाणी चालतें व कोणाचें नाहीं, अमुक जातीचा विद्यार्थी वर्गांत आल्याबद्दलची कुजबूज, हेंही निघेल. ब्राह्मणाच्या गरीब मुलास सात घरीं सात वार मिळत; इतर जातींच्या गरीब मुलास ते कोठून मिळणार ? कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं वसतिगृहें काढविलीं, त्यांची आवश्यकता कां पडली, याचा पुरावा आपल्याच पेट्यांत आहे. असा कागद हातीं आला म्हणजे तो फाडून टाकण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा. ठेवीतलें नाणें खोटें वाटलें म्हणून सांभाळणारास तें फेंकून देण्याचा अधिकार नाहीं. पूर्वजांस आपण देव करून बसविलें, तर नातवंडें त्यांस नमस्कार करतील, पण त्यांच्यापासून कांहीं शिकणार नाहींत.

आणि एक गोष्ट विशेषेंकरून आमच्या वाचकभगिनींसाठीं. कॉलेजांतून आलेलीं पत्रें घरीं राहिलीं. कॉलेजांत गेलेलीं पत्रें बहुधा राहिलीं नाहींत. मुलाचें पत्र बापानें जपलें. आईनें सांगून लिहविलेलें, किंवा नुकतीं अक्षरें शिकलेल्या बायकोनें चोरून लिहिलेलें उत्तर, खोली बदलतांना टाकून दिलें गेलें. अण्णासाहेब कर्व्यांचें 'आत्मवृत्त' १९१५ मध्यें निघालें. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचें 'माझें पुराण' निघावयास १९४४ उजाडलें. दोन्ही शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे एकाच संसाराच्या दोन बाजू दिसतात. ज्या घरीं दुसरी बाजू कागदावर नाहीं, तेथें ती आजीच्या तोंडीं असते. नवरा पुण्यास शिकत असतां सासरीं तीं चार वर्षें तिच्या सासूनें कशीं काढलीं, फीसाठीं कोणता दागिना मोडला, सुटींत तो आला म्हणजे घरांत काय शिजे, हें तिनें ऐकलेलें असतें. हें तिच्याच शब्दांत लिहून घ्यावें. सुधारून, शुद्ध करून घेऊं नये. खाजगी पत्रें मात्र खाजगीच ठेवावीं. जपणें निराळें आणि चव्हाट्यावर मांडणें निराळें.

ज्या घरीं पुढें कोणी सांभाळणारें नाहीं, त्यांनीं कागद रद्दींत घालण्यापूर्वीं एखाद्या संस्थेस विचारावें. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून, धुळ्याचें राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून हेंच काम करीत आहे. नांदेडासही १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें विद्यापीठ आहे. देतांना सोबत यादी द्यावी. यादीवांचून दिलेली पेटी म्हणजे एका घरचा उपनिधि दुसऱ्या घरीं नेऊन ठेवणें होय.

हें सारें एका दिवाळींत होणार नाहीं, आणि होण्याची गरजही नाहीं. वाळवी थांबवितां येते, गळकें माळवद बुजवितां येतें. कागदाचें काम पुढच्या वर्षावर टाकिलें तरी एक वेळ चालेल. नांवांचें काम टाकितां येत नाहीं. ज्यांना तीं ठाऊक आहेत, त्यांचें वय आपण सर्वजण जाणतों. तेव्हां यंदां एवढेंच करावें : एक फोटो, एक पेन्सिल, आणि वडील माणसाजवळ बसून घालविलेली एक दुपार.